खोडदचा धडा शिवाजीनगरला

शिवाजीनगरचे एस.टी. स्थानक म्हणजे पुण्याचा उत्तर दरवाजा. नाशिक रस्त्याने येणारा, जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यांतून निघालेला, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकून कोर्टकचेरीच्या कामासाठी शहरात आलेला उतारू वर्षानुवर्षे ह्याच आवारात पाय ठेवीत आला. भुयारी मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस हे स्थानक वाकडेवाडीस हलविले गेले. १ ऑगस्ट २०२३ रोजी शिवाजीनगरचे भुयारी मेट्रो स्थानक लोकांसाठी खुले झाले. आणि जुन्या स्थानकाच्या जागेवर खाली बसस्थानक व वाहनतळ, त्यावर दुकाने आणि त्याहून वर कचेऱ्या, अशा स्वरूपाचे बहुमजली संकुल उभारण्याची योजना वेळोवेळी जाहीर होत आली. स्थानक परत केव्हा येणार, मजले किती चढणार, काम कोणाकडे जाणार, ह्यांची चर्चा पुष्कळ झाली. एक प्रश्न मात्र त्या मानाने फारसा कानी आला नाही: ही इमारत उभी राहिल्यावर दर वर्षी वीज किती खाणार?

प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, त्यात सामान्य नागरिकाने कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. इमारतीतील वातानुकूल यंत्र पंधरावीस वर्षांनी बदलता येते, दिवे त्याहून लवकर बदलतात. परंतु इमारतीचे तोंड कोणत्या दिशेस आहे, तिच्या भिंतीत काच किती आणि तिच्या पोटात मोकळा चौक आहे की नाही, ह्या गोष्टी एकदा ठरल्या की दोन पिढ्या बदलत नाहीत. जमीन सार्वजनिक आहे, ती अनेक दशकांच्या भाडेपट्ट्याने दिली जावयाची आहे, आणि बांधणारा एक, वापरणारा दुसरा, विजेचे बिल भरणारा तिसरा, असा हा मामला आहे. बांधणाऱ्यास बिल भरावयाचे नसते, म्हणून तो स्वस्तात बांधतो. भाडेकरूस भिंत हलविता येत नाही, म्हणून तो यंत्रे बसवितो. ह्या दोघांच्या मधली चूक सुधारण्याचा अधिकार फक्त जमीनमालकाचा, म्हणजे ह्या ठिकाणी जनतेचा आहे.

गेल्या वीसपंचवीस वर्षांत पुण्यात कचेरीची इमारत म्हणजे काचेचे कपाट, अशी एक समजूत रुजली आहे. थंड देशांत, जेथे सूर्य हा पाहुणा असतो, तेथे काचेच्या भिंतीला काही अर्थ असेल. पुणे विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर आहे. येथे सूर्य हा घरचा मालक आहे. काच उजेडाला आत घेते आणि त्याच्याबरोबर आलेली उष्णता सहजासहजी बाहेर सोडीत नाही. मग पश्चिमेच्या उन्हाने तापलेली खोली गार करण्यासाठी यंत्र चालवायचे, डोळ्यांवर तिरीप येते म्हणून पडदे ओढायचे, आणि पडदे ओढल्याने अंधार झाला म्हणून भर दुपारी दिवे लावायचे! एका चुकीसाठी तीन वेळा पैसे मोजण्याचा हा प्रकार आहे. उष्णता अडविणाऱ्या दुहेरी काचा आता मिळतात, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या महाग असतात आणि सावलीत ठेवलेल्या साध्या भिंतीची बरोबरी त्याही करीत नाहीत. आधी घराला आग लावावयाची आणि मग उत्तम प्रतीचा बंब विकत आणल्याबद्दल पाठ थोपटून घ्यावयाची, ह्यात शहाणपण कोणते?

ह्याहून शहाणा मार्ग दाखविणारे उदाहरण शोधण्यास आपणांस परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातील खोडद गावी ते उभे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण अनेक वाचकांनी पाहिली असेल. दर वर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनी, ती पाहावयास गावोगावची मुले तेथे लोटतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती जगातील शास्त्रज्ञांना अर्पण झाली. तिची ख्याती तिने टिपलेल्या दूरच्या तारकाविश्वांच्या लहरींमुळे झाली, हे योग्यच आहे. आज आम्हांस तिच्या तबकडीच्या रचनेविषयी बोलावयाचे आहे.

एवढी मोठी तबकडी रूढ पद्धतीने बांधावयाची म्हणजे पत्र्याची भरीव परात करावयाची, आणि मग वादळी वाऱ्यात ती उन्मळून पडू नये म्हणून तिच्या पाठीशी मणामणाचे पोलाद उभे करावयाचे. स्वरूप आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्याआधीचा प्रश्न विचारला: ह्या तबकडीला पृष्ठभाग भरीव हवाच कशाला? तिला ज्या लहरी टिपावयाच्या आहेत त्यांची लांबी वितीपासून काही मीटरपर्यंत आहे. अशा लहरीला एकदोन सेंटिमीटरचे छिद्र दिसतच नाही. तिच्या दृष्टीने जाळी आणि भरीव पत्रा सारखेच. मग त्यांनी अवघ्या अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारेची जाळी घेतली आणि ती पोलादी दोरांच्या ताणावर तबकडीच्या आकारात बसविली. वारा जाळीतून निघून जाऊ लागला. वाऱ्याचा जोर कमी झाला म्हणून आधाराचे पोलाद कमी लागले. वजन घटले म्हणून तबकडी फिरविणारी यंत्रे लहान झाली. आणि ह्या सर्वांमुळे खर्च इतका उतरला की आपल्यासारख्या देशाला तीस तबकड्या परवडल्या. मूळ काटकसर एका प्रश्नात होती. पुढच्या साऱ्या काटकसरी तिच्या पाठोपाठ आल्या.

स्वरूप ह्यांची ही दृष्टी जुनीच होती. १९७० मध्ये कार्यान्वित झालेली उटीची ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण त्यांनी मुद्दाम अशा डोंगरउतारावर बसविली, ज्याचा उतार त्या स्थळाच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंशांचा आहे. त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाशी समांतर झाला आणि आकाशातील एखाद्या बिंदूचा तासन्‌तास पाठलाग करण्यासाठी तिला एकाच आसाभोवती फिरविणे पुरेसे ठरले. जे काम यंत्राने करावयाचे ते त्यांनी डोंगराकडून करून घेतले.

हीच रीत शिवाजीनगरच्या इमारतीला लावून पाहावी. कचेरीत बसणाऱ्या माणसास नेमके काय हवे असते? डोळ्यांना न दिपविणारा उजेड, अंगाला लागणारी थोडी हवा, आणि घाम न येईल इतपत गारवा. काचेची भिंत त्याने मागितलेली नसते. ह्या तीन गरजांपैकी किती भाग जागा, दिशा आणि हवामान स्वतःच्या खांद्यावर घेतील, हे आधी ठरवावे आणि उरलेल्या भागापुरतीच यंत्रे आणावीत.

सुदैवाने ह्या जागेचे हवामान शोधण्यास कोणा सल्लागाराची वाट पाहावी लागत नाही. भारतीय हवामान खात्याची कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आली, ती ह्याच शिवाजीनगरात. आजही लोक त्या दगडी इमारतीस सिमला ऑफिस म्हणतात. नियोजित संकुलाच्या जागेपासून ती फार दूर नाही. तेथील नोंदवह्या सांगतात की एप्रिलात दुपारचा पारा सरासरीने ३८ अंशांच्या आसपास जातो, पण पहाटे तो २१ अंशांच्या आसपास उतरतो. ही रात्रीची थंडाई म्हणजे पुण्याला निसर्गाने दिलेले फुकटचे वातानुकूलन आहे. जाड दगडी भिंती आणि काँक्रीटचे उघडे तक्तपोशी छत रात्रीच्या वाऱ्याने गार करून ठेवले, तर दुसऱ्या दिवशीच्या उष्म्याचा बराचसा भाग ते पोटात घेतात. आज आपण काय करतो? संध्याकाळी सहाला काचा बंद करून घरी जातो, दिवसभराची उष्णता रात्रभर आत कोंडून ठेवतो आणि सकाळी नवाला यंत्राला ती उपसण्याच्या कामास जुंपतो.

सूर्याचेही तसेच. पुण्यात हिवाळ्याच्या मध्यासही दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो माध्यान्हीला डोक्याच्याही किंचित उत्तरेस सरकतो. म्हणजे दक्षिण आणि उत्तर ह्या दिशांच्या खिडक्यांना हात-दीड हाताचा छज्जासुद्धा पुष्कळ सावली देऊ शकतो. पूर्व-पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला मात्र छज्जा अडवीत नाही. ह्यावरून इमारत कशी असावी हे शाळकरी मुलासही सांगता यावे. तिच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेस असाव्यात. पश्चिमेस जिने, उद्वाहने, स्वच्छतागृहे आणि भरीव भिंती असाव्यात. आणि मजला इतका रुंद नसावा की मधल्या माणसाला दिवसाही दिव्याखाली बसावे लागावे.

हे सारे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते, असे म्हणून जुन्या वाड्यांचे गोडवे गाण्याची सध्या पद्धत आहे. तिला आम्ही बळी पडू इच्छीत नाही. वाड्यांच्या मागल्या खोल्या अंधाऱ्या असत, लाकूडकामास आग लागण्याचे भय असे. १८७९ च्या आगीने विश्रामबागवाड्याचीही होळी केली होती. तरी त्याच विश्रामबागवाड्याची गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास राहण्यासाठी बांधला. पुढे त्यात संस्कृत पाठशाळा भरली. आणि ह्या शतकाच्या आधीच्या शतकात, १९३० पासून १९५९ पर्यंत, पुण्याच्या नगरपालिकेचा व मग महापालिकेचा कारभार त्याच्याच चौकांभोवती चालला. निवास, विद्या आणि कचेरी ह्या तिन्ही कामांना एकच इमारत पुरी पडली, ती तिच्या चौकांमुळे आणि ओसऱ्यांमुळे. चौकातून तापलेली हवा वर निघून जाई आणि ओसरीमुळे भिंतीला ऊन लागत नसे. पेठांतील साध्या वाड्यांतही रस्त्याकडेला दुकान, मध्ये पेढी किंवा वकिलाची बैठक आणि वर बिऱ्हाडे असा एकत्र संसार चाले. आज ज्याला मिश्र वापराची इमारत म्हणून नवी कल्पना समजतात, ती पेठांच्या अंगवळणी पडलेली होती.

मिश्र वापराचा खरा फायदा विजेच्या हिशेबात दिसतो. कचेऱ्यांची गर्दी दुपारी, दुकानांची संध्याकाळी, आणि बसस्थानक पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जागे. तिघांची गरज एकाच वेळी शिगेला पोहोचत नाही. म्हणून तिघांसाठी एकत्र योजिलेली यंत्रणा तीन वेगळ्या यंत्रणांहून लहान पुरते. वरच्या कचेऱ्या थंड करताना बाहेर टाकावी लागणारी उष्णता खालच्या चालक-वाहकांच्या विश्रामगृहात आंघोळीचे पाणी तापविण्यास वापरता येते. मेट्रो आणि बस दारातच असल्याने मोटारींसाठी तळघरामागून तळघर खोदण्याची, आणि तेथे दिवसरात्र पंखे व दिवे चालविण्याची गरज कमी करता येते. परंतु हे सर्व मूळ आराखड्यात असेल तरच. दुकानदाराने आपले यंत्र दर्शनी भिंतीला टांगले, बँकेने आपले गच्चीवर ठेवले आणि कचेरीने जिन्यात, म्हणजे मिश्र वापर नव्हे. तो नुसता शेजार झाला. शिवाय त्या शेकडो यंत्रांचा उष्ण फूत्कार येऊन पडणार कोठे? फलाटावर, बसची वाट पाहत उभ्या असलेल्या उतारूच्या अंगावर! वरच्या साहेबाचा गारवा खालच्या शेतकऱ्याचा उष्मा व्हावा, असे स्थानक आम्हांस नको आहे.

ह्यावर आक्षेप येतील आणि ते अगदीच पोकळ नाहीत. शिवाजीनगरच्या चौकात वाहनांचा गोंगाट आणि धूळ एवढी, की खिडक्या उघडावयाच्या कशा? उत्तर असे की रस्त्याकडच्या खिडक्या उजेडापुरत्या ठेवाव्यात आणि हवा आतल्या चौकातून, बसच्या धुरापासून दूर अशा उंचीवरून घ्यावी. वर्षभर यंत्राविना भागेल काय? नाही भागणार. परंतु मार्च ते मेच्या दुपारी यंत्र आणि एरवी बहुतेक काळ पंखे, अशी दुहेरी व्यवस्था होऊ शकते. डोक्यावर पंखा फिरत असेल तर दोन-तीन अंशांनी अधिक तापमानही माणसास सुसह्य होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने २०१६ मध्ये हे तत्त्व मान्य केले की ह्या देशातील माणसाच्या सोयीचे तापमान बाहेरच्या ऋतूप्रमाणे बदलते; आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब असा, की यंत्राचे तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. मे महिन्यात कचेरीत लोकरीचा सदरा घालून बसणे हे प्रगतीचे लक्षण मानण्याचे दिवस आता सरले पाहिजेत.

तिसरा आक्षेप पैशाचा. छज्जे, जाड भिंती, चौक ह्यांनी भाड्याची जागा कमी होते, म्हणून ठेकेदार कमी बोली लावील, असे सांगितले जाईल. ही गोष्ट काही अंशी खरी आहे. पण खोडदच्या जाळीप्रमाणे येथेही एका काटकसरीपाठोपाठ दुसरी येते: ऊन कमी आत आले तर यंत्र लहान लागते, यंत्र लहान तर रोहित्र आणि जनित्रही लहान. शासनाच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने २०२० मध्ये हरित इमारतींना त्यांच्या श्रेणीप्रमाणे ३, ५ वा ७ टक्के अधिक चटई क्षेत्र देण्याची तरतूद केलेलीच आहे. तेव्हा नुकसानीचे रडगाणे फार मोठ्या सुरात गाण्याचे कारण नाही.

कायद्याचीही उणीव नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, त्याखालील इमारत संहिता २००७ मध्ये निघाली आणि २०१७ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. त्या संहितेने भिंतीच्या क्षेत्रफळात खिडक्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आत ठेवावयास सांगितले, आणि नेहमीच्या इमारतीहून २५, ३५ व ५० टक्के वीज वाचविणाऱ्या इमारतींच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. आमची सूचना साधी आहे. सार्वजनिक जमिनीवर उभ्या राहणाऱ्या ह्या संकुलाने सर्वांत वरची, म्हणजे ५० टक्के बचतीची पायरी गाठावी, ही अट निविदेतच असावी. दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटे, ह्याचा आकडा करारनाम्यात लिहावा आणि तो ओलांडल्यास दंड भाडेकरूस नव्हे, बांधणाऱ्यास व्हावा. आणि प्रमाणपत्राची सोनेरी पाटी प्रवेशद्वारी लावण्याऐवजी इमारतीचे दरमहाचे वीजबिल बसच्या वेळापत्रकाशेजारी लावावे. उतारूंना वाट पाहताना वाचावयास काहीतरी हवेच असते.

इतका आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुन्हा खोडदलाच सापडते. दुर्बिणीच्या तबकड्यांभोवती शेते आहेत. ह्या साऱ्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि कृषिपंपांना आळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे उसाला पाणी द्यावयास शेतकऱ्याने अंधारात, हातात विजेरी घेऊन उतरावे, हे जुन्नर-आंबेगावने वर्षानुवर्षे सोसले आहे. दिवसा वीज द्या, ही तेथील मागणी चैनीची नाही. ती जिवाची आहे. सौर वाहिन्यांच्या योजनेने ती पुरी करण्याचे काम शासनाने अलीकडे हाती घेतले आहे, ते स्तुत्यच आहे. पण भर दुपारची तीच वीज शहरातील काचेच्या कपाटांनाही हवी असते. शिवाजीनगरच्या एका इमारतीने वाचविलेले युनिट दुसऱ्या दिवशी खोडदच्या पंपाला पोहोचेल, असा भाबडा हिशेब आम्ही मांडीत नाही. परंतु विजेचे जाळे एकच आहे, आणि त्यातून कोणी किती ओढावे हा प्रश्न अखेर न्यायाचा आहे. ज्याच्या पायाखालच्या फलाटावर ही इमारत उभी राहावयाची, त्या उतारूच्या शेतातील दिव्याशी तिचा काही संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

खोडदला आकाश ऐकण्यासाठी आपल्या माणसांनी जी बुद्धी वापरली, तिचा दहावा हिस्सा शहराच्या मध्यावर एक कचेरी बांधताना वापरावा, एवढेच आमचे मागणे आहे. संबंधितांनी नकाशावर सही करण्यापूर्वी एकदा एप्रिलच्या दुपारी चार वाजता त्या जागेवर उभे राहावे आणि पश्चिमेकडे तोंड करावे. सावली कोठे हवी, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.